३०°, ४५°, ६०° टाकून बघितलं, जुळलं. मग सिद्ध झालं की नाही?

घोकंपट्टी

मंडळी, त्रिकोणमितीत रुतून बसलोय. ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांचा तक्ता झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. साइन(अ+ब), कॉस(अ−ब) वगैरे सूत्रंही पाठ आहेत. पण ‘सिद्ध करा’ म्हटलं की पेन पुढे सरकत नाही. शंका दोन आहेत.

एक: √३ कोसेक २०° − सेक २०° = ४ हे सिद्ध करायचंय. २०° तक्त्यात नाही. कॅल्क्युलेटरवर बरोब्बर ४ येतं, पण कागदावर काय लिहायचं?

दोन: साइन ३अ = ३ साइन अ − ४ साइन³अ. यात मी अ च्या जागी ३०°, ६०°, ९०° टाकून पाहिलं. तिन्ही वेळा जुळलं. सर म्हणाले, हा पडताळा झाला, सिद्धता नाही. बरं, मग किती कोन टाकले म्हणजे सिद्धता होते? चार? शंभर? याचं उत्तर कुणी देत नाही.

जुना मास्तर

घोकंपट्टी, नाव छान घेतलंयस. :)

पहिलं गणित. २०° ची किंमत तक्त्यात नाही, आणि तिची गरजही नाही. २०° कडे बघूच नकोस, √३ कडे बघ. √३ आणि १ अशी जोडी दिसली की आधी दोघांना २ ने भागून बघायचं. √३/२ म्हणजे साइन ६०°, १/२ म्हणजे कॉस ६०°. नेहमीचे कोन असे वेषांतर करून बसलेले असतात.

डावी बाजू = √३/साइन २०° − १/कॉस २०°
= (√३ कॉस २०° − साइन २०°) / (साइन २०° कॉस २०°)

अंशातून २ बाहेर काढ:
अंश = २ (साइन ६०° कॉस २०° − कॉस ६०° साइन २०°) = २ साइन(६०° − २०°) = २ साइन ४०°

छेद = ½ × २ साइन २०° कॉस २०° = ½ साइन ४०°

साइन ४०° शून्य नाही, तेव्हा खुशाल काट. उरलं ४.

यात नवीन सूत्र एकही नाही. तू सूत्रं डावीकडून उजवीकडे पाठ केलीस, इथे ती उजवीकडून डावीकडे वाचावी लागली. लांबलचक बेरीज दिसल्यावर ‘अरे, हे तर साइन(अ−ब) फोडलेलं आहे’ असं दिसायला हवं. माझ्या मते निम्मी त्रिकोणमिती एवढीच आहे, आणि शिकवताना नेमकी हीच बाजू राहून जाते.

दुसऱ्या शंकेवर तुझे सर बरोबर आहेत. पडताळा तो पडताळा.

कोनाडा

मास्तरांशी सहमत. उलटं वाचण्याचा आणखी एक नमुना, मला फार आवडतो:

टॅन ५०° = टॅन ४०° + २ टॅन १०°

तक्त्यातला एकही कोन नाही. पण ५० − ४० = १०, आणि ५० + ४० = ९०. दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या की खेळ संपला.

टॅन १०° = टॅन(५०° − ४०°) = (टॅन ५०° − टॅन ४०°) / (१ + टॅन ५०° टॅन ४०°)

५० आणि ४० कोटिकोन, म्हणून टॅन ५०° टॅन ४०° = १. छेद २ झाला. संपलं.

असल्या गणितात मी पहिल्यांदा कोनांच्याच बेरजा-वजाबाक्या करून बघतो. बेरीज ४५, ६०, ९०, १८० यांपैकी काही येते का? आली तर धागा तिथेच असतो. (१ + टॅन १°)(१ + टॅन २°)…(१ + टॅन ४५°) हा अक्राळविक्राळ गुणाकारही त्यातलाच. अ + ब = ४५° असेल तर (१ + टॅन अ)(१ + टॅन ब) = २. टॅन(अ+ब) = १ हे पसरून लिहा, लगेच मिळेल. १ ते ४४ मध्ये अशा २२ जोड्या, वर टॅन ४५° चा एक २. उत्तर: २ चा २३ वा घात.

खवट

कॅल्क्युलेटरवर बरोब्बर ४ येतंय ना, मग झालं की. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

गोलाध्यायी

@खवट, भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (इ.स. ११५०) ज्योत्पत्ति नावाचं प्रकरण आहे. त्यात १° च्या ज्येसाठी (ज्या म्हणजे आपलं साइन) अपूर्णांक दिलाय: १०/५७३. काढून बघा. साइन १° आणि १०/५७३ हे दोन्ही सहा दशांश स्थळांपर्यंत ०.०१७४५२ येतात. सातव्या स्थळाला फुटतात. सहा स्थळं दाखवणारं यंत्र हातात असेल तर दोन्ही ‘बरोब्बर’ सारखेच. पण समान नाहीत.

आता निघालंच आहे तर, अवांतर: साइन(अ±ब) ची सूत्रं त्याच प्रकरणात समासभावना आणि अंतरभावना या नावांनी येतात. आणि ती तिथे कामाला जुंपलेली आहेत, शोभेला ठेवलेली नाहीत. १° साठी साइन १०/५७३ आणि कॉस (१ − १/६५६९) धरायचं, मग कुठल्याही अंशाच्या ज्येवरून पुढच्या अंशाची ज्या काढत जायचं:

साइन(अ + १°) ≈ साइन अ − (साइन अ)/६५६९ + (१०/५७३) कॉस अ

अशी नव्वद अंशांची सारणी तयार होते. त्याच्या कितीतरी आधी आर्यभटीयात (इ.स. ४९९) २४ ज्या आहेत, ३° ४५′ च्या अंतराने. ३° ४५′ हे कुठून आलं? ३०° चं निम्मं १५°, त्याचं निम्मं ७½°, त्याचं निम्मं ३¾°. तक्त्यातल्या कोनापासून अर्धकोनाच्या सूत्राने तीन पायऱ्या उतरलं की पोचलो.

पश्चिमेकडे टॉलेमीने दुसऱ्या शतकात चक्रीय चौकोनाच्या प्रमेयावरून जीवांची सारणी केली. त्या प्रमेयात एक कर्ण व्यास धरला की आपलं बेरजेचं सूत्रच हाती येतं.

त्रिज्या

२०° च्या बाबतीत एक भर घालते. ती तक्त्यात नाही यामागे आळस नाही. कॉस ३अ = ४ कॉस³अ − ३ कॉस अ यात अ = २०° टाका, डावीकडे कॉस ६०° = ½ येतं. कॉस २०° ला क्ष म्हटलं तर

८क्ष³ − ६क्ष − १ = ०

या समीकरणाला परिमेय मूळ नाही, आणि कॉस २०° ही संख्या नुसत्या वर्गमुळांत लिहिता येत नाही. पिएर वांत्झेल याने १८३७ साली कंपास-पट्टीने ६०° चे तीन समान भाग होत नाहीत हे सिद्ध केलं, ते यावरूनच.

गंमत पुढे आहे. याच समीकरणाची तीन मुळं कॉस २०°, −कॉस ४०° आणि −कॉस ८०°. मुळांचा गुणाकार १/८, म्हणून कॉस २०° कॉस ४०° कॉस ८०° = १/८. मुळांची बेरीज शून्य, म्हणून कॉस २०° = कॉस ४०° + कॉस ८०°. एकेकटे लिहिता न येणारे तिघे, एकत्र आले की सुटसुटीत. पुस्तकातली २०-४०-८० ची गणितं बहुतेक या एका समीकरणाची पिल्लं आहेत.

आणि @घोकंपट्टी, तुझी दुसरी शंका. पडताळा का चालत नाही ते या समानतेवर बघ:

साइन १२अ = ०

अ = ०°, ३०°, ४५°, ६०°, ९०° टाक. सगळीकडे जुळतं. १२०, १३५, १५०, १८० टाक, तरी जुळतं. आता १०° टाक: साइन १२०° = √३/२. फुटलं. तक्ता अख्खा पास, समानता खोटी.

घोकंपट्टी

बाप रे. म्हणजे कितीही कोन टाकले तरी सिद्ध होणार नाही? मग हा प्रश्नच संपला.

बहुपदी

संपला नाही, आत्ता कुठे सुरू झालाय. मास्तरांचा मान राखून म्हणतो, ‘पडताळा तो पडताळा’ हे सरसकट खरं नाही. काही प्रकारच्या समानतांमध्ये मोजके कोन तपासले की सिद्धता पूर्ण होते, तीही अगदी काटेकोर. ‘किती कोन?’ हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला आकड्यात उत्तर आहे.

टॅन(अ/२) ला ट म्हणू. मग

साइन अ = २ट/(१ + ट²), कॉस अ = (१ − ट²)/(१ + ट²)

समानतेतलं सगळं एका बाजूला आणा. समजा तिथे साइन अ आणि कॉस अ यांचे घात, त्यांचे गुणाकार आणि बेरजा-वजाबाक्या एवढंच आहे, आणि कुठल्याही पदात घातांची बेरीज म पेक्षा जास्त नाही. सगळ्याला (१ + ट²) च्या म व्या घाताने गुणा. छेद उडाले. उरली ट मधली एक बहुपदी, कोटी (म्हणजे सगळ्यात मोठा घात) फार तर २म. अशी बहुपदी शून्य नसेल तर तिला २म पेक्षा जास्त मुळं असूच शकत नाहीत. म्हणजे एका फेरीतल्या २म + १ वेगवेगळ्या कोनांना समानता जुळली, तर ती बहुपदी समूळ शून्य. समानता सगळ्या कोनांना खरी. (१८०° ला ट ची किंमत नाही, म्हणून मोजताना तो कोन धरायचा नाही. बाकी सगळीकडे शून्य आलं की तिथेही शून्यच येतं.)

आता तुझं गणित. साइन ३अ − ३ साइन अ + ४ साइन³अ, इथे म = ३. सात कोन हवेत. तू तपासलेस तीन: ३०, ६०, ९०. ०° ला सगळंच शून्य, चार झाले. अ च्या जागी −अ टाकलं तर तिन्ही पदांचं फक्त चिन्ह बदलतं, म्हणून −३०, −६०, −९० न तपासता पास. सात.

तू तपासलेले तीन कोन पुरेसे होते. का पुरेसे, हे लिहायचं राहिलं होतं. तुझ्या सरांनी तेवढ्यासाठी गुण कापले असतील तर ते बरोबरच.

खवट

थांबा. म = ३ हे कशावरून? साइन ३अ मध्ये घात ३ आहे हे कळायला साइन(२अ + अ) फोडायला लागणारच. ते फोडलं की

साइन २अ कॉस अ + कॉस २अ साइन अ = २ साइन अ (१ − साइन²अ) + (१ − २ साइन²अ) साइन अ = ३ साइन अ − ४ साइन³अ

दोन ओळींत काम तमाम. सात कोनांची वरात कशाला?

बहुपदी

३अ साठी तुमची पद्धत जवळची, वादच नाही. पण म किती आहे हे कळायला पूर्ण फोडावं लागत नाही. बेरजेच्या सूत्रात दर वेळी अ ची एकेक भर पडते आणि घात एकाने वाढतो. म्हणून साइन ५अ किंवा कॉस ५अ मध्ये घातांची बेरीज ५ पेक्षा जास्त जाणार नाही, हे सहगुणक न काढता सांगता येतं.

हे घ्या: कॉस ५अ = १६ कॉस⁵अ − २० कॉस³अ + ५ कॉस अ. फोडत बसलात तर पान भरतं. त्याऐवजी तक्ता:

०°: १ = १६ − २० + ५. ठीक.
६०°: डावीकडे कॉस ३००° = ½. उजवीकडे ½ − ५/२ + ५/२ = ½.
४५°: डावीकडे कॉस २२५° = −√२/२. उजवीकडे २√२ − ५√२ + (५/२)√२ = −√२/२.
३०°: डावीकडे कॉस १५०° = −√३/२. उजवीकडे (९/२)√३ − (१५/२)√३ + (५/२)√३ = −√३/२.

हवेत ११ कोन. अ ऐवजी −अ टाकलं तर दोन्ही बाजू जशाच्या तशा, अ ऐवजी १८०° − अ टाकलं तर दोन्ही बाजूंचं चिन्ह पलटतं. त्यामुळे ३०, ४५, ६० वरून १५०, १३५, १२० आणि या सहांचे ऋण कोन फुकटात मिळाले. ० धरून १३. झालं, सिद्ध.

जुना मास्तर

हे मी वर्गात कधी दाखवलं नव्हतं. दाखवण्यासारखं आहे.

तरी एक इशारा. परीक्षेत ‘सूत्रांचा उपयोग करून सिद्ध करा’ असं असेल तर सूत्रंच वापर, नाहीतर तपासणाऱ्याला तुझा पुरावा पडताळाच वाटेल. आणि बहुपदी म्हणाले ती अट नीट वाच: घात, गुणाकार, बेरजा, वजाबाक्या. वर्गमूळ आलं की सगळं कोसळतं.

√(१ − कॉस²अ) = साइन अ

इथे ०° पासून १८०° पर्यंतचे हवे तेवढे कोन टाक, हजार टाक, सगळे जुळतील. २१०° ला डावीकडे ½, उजवीकडे −½. कारण वर्गमूळ धन घेतो आपण, आणि तिसऱ्या-चौथ्या चरणात साइन ऋण. अर्धकोनाच्या सूत्रात ± लिहून पुढच्या ओळीत − गाळायचा, ही उत्तरपत्रिकेत दिसणारी सगळ्यात जुनी खोड, तीही याच घरातली.

टॅन, सेक असतील तर आधी छेद काढून साइन-कॉसमध्ये आण आणि मग म मोज. छेद जिथे शून्य होतो ते कोन ‘तपासलेले’ म्हणून मोजायचे नाहीत.

अर्धवट

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक बाळबोध प्रश्न: सगळं बेरजेच्या सूत्रावर उभं आहे, पण ते सूत्र कुठून आलं? पुस्तकात काटकोन त्रिकोणांची आकृती आहे. तिच्यात अ आणि ब दोन्ही लघुकोन, शिवाय बेरीज ९०° च्या आत. आपण तर २२५°, ३००° ला बिनधास्त वापरतोय.

त्रिज्या

प्रश्न बाळबोध अजिबात नाही. आकृतीऐवजी एकक वर्तुळ घे. दोन बिंदू: (कॉस अ, साइन अ) आणि (कॉस ब, साइन ब). त्यांच्यातल्या अंतराचा वर्ग काढला की

२ − २(कॉस अ कॉस ब + साइन अ साइन ब)

आता अख्खं वर्तुळ ब एवढं मागे फिरव. दुसरा बिंदू (१, ०) वर आला, पहिला (कॉस(अ−ब), साइन(अ−ब)) वर. फिरवल्याने अंतर बदलत नाही. नवीन अंतराचा वर्ग २ − २ कॉस(अ−ब). दोन्ही सारखे ठेवले की कॉस(अ−ब) चं सूत्र तयार. अ, ब कुठल्याही चरणात असोत, कितीही फेऱ्या मारलेले असोत. ब च्या जागी −ब टाकून कॉस(अ+ब), अ च्या जागी ९०° − अ टाकून साइन(अ+ब). बाकी सगळी सूत्रं या एका फिरवण्यातून निघतात.

कोनाडा

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (त्रिज्याताईंनी तेच लिहिलंय, माझ्यापेक्षा कमी ओळींत.)

घोकंपट्टी

सगळ्यांचे आभार. बहुपदींच्या प्रतिसादावरून हिशोब मांडून बघितला. एका फेरीत ३० च्या पटीतले कोन १२, ४५ च्या पटीतले ८, त्यांपैकी ४ दोन्हीकडे येतात. म्हणजे तक्ता आणि त्याची चारही चरणांतली भावंडं मिळून १६ कोन. १८०° वगळला की १५. २म + १ = १५, म = ७. म्हणजे सातव्या घातापर्यंतची कुठलीही समानता मी नुसत्या तक्त्यावर सिद्ध करू शकतो! त्रिज्याताईंची साइन १२अ निसटते कारण तिथे म = १२. पण मग ८ ते ११ चं काय? तिथे तक्ता पुरतो की नाही?

बहुपदी

हिशोब बरोबर. आणि ८ लाच तक्ता हात टेकतो. हे बघ:

साइन ६अ × कॉस २अ = ०

साइन ६अ ३० च्या प्रत्येक पटीला शून्य, ते १२ कोन. उरलेले चार ४५, १३५, २२५, ३१५, त्यांना कॉस २अ शून्य. सोळाच्या सोळा पास. घात ६ + २ = ८. आणि १५° ला साइन ९०° × कॉस ३०° = √३/२.

खवट

आणि तक्त्यात १५° आणि ७५° पण घातले तर? साइन ७५° = (√६ + √२)/४, तेही पाठच असतं सगळ्यांना.

बहुपदी

मग चार चरणांत मिळून आठ कोन वाढले, एकूण २४. १८०° वगळून २३, म्हणजे म = ११ पर्यंत मजल. आणि १२ ला पहिली ठेच कुठे लागते? त्रिज्याताईंच्या साइन १२अ लाच. ती १५ च्या प्रत्येक पटीला शून्य असते.